संगणकातला लेखनिक आणि त्याची परीक्षा

पनवेलमधील एखाद्या जुन्या घरातली कागदपत्रांची पेटी उघडली, तर तीत एक शब्दजोड हमखास आढळते : ‘तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा’. खरेदीखत असो, शाळा सोडल्याचा दाखला असो, की आजोबांच्या नावे आलेले पत्र असो, जिल्हा कुलाबाच. 1981 साली या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नाव बदलले, पण पेटीतले कागद बदलले नाहीत; ते बदलण्याचे कारणही नव्हते. आता मात्र असे कागद संगणकात उतरवले जात आहेत, त्यांच्या याद्या होत आहेत, आणि कुणाच्या तरी मनात सहज येते की, या हजारो ओळींतला ‘कुलाबा’ काढून तेथे ‘रायगड’ घालावे. हेच काम हाताने करायचे तर महिना मोडेल; संगणक ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. मग ते बिनचूक झाले की नाही, हे ओळखायचे कसे? एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

असल्या कामासाठी एक छोटीशी आज्ञावली फार जुनी आणि फार उपयोगाची आहे. तिचे नाव ‘सेड’. ‘स्ट्रीम एडिटर’ या दोन शब्दांचा हा संक्षेप. आपण तिला प्रवाही संपादक म्हणू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमेहन यांनी ती 1973-74 च्या सुमारास लिहिली, आणि 1979 साली निघालेल्या ‘युनिक्स’च्या सातव्या आवृत्तीबरोबर ती दूरवर पोचली. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व यंत्रांवर ती असते. तिला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर एका ओळीत आदेश टंकायचा आणि निकाल पाहायचा, एवढाच व्यवहार.

टपाल कचेरीत पत्रांवर शिक्के मारणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. डावीकडून एक पत्र येते, तो त्यावर शिक्का मारतो, उजवीकडे सरकवतो आणि पुढचे घेतो. मागच्या पत्रात काय होते, पुढच्यात काय असेल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सेडचे काम असेच चालते. मजकुराची एक ओळ हाती घ्यावी, सांगितलेले सर्व संस्कार तिच्यावर क्रमाने करावेत, ती बाहेर सोडावी आणि पुढची घ्यावी. तिचा मुख्य आदेश असा : ‘एस’ हे अक्षर, मग तिरपी रेघ, मग शोधायचा शब्द, पुन्हा तिरपी रेघ, मग त्याच्या जागी घालायचा शब्द आणि शेवटी तिरपी रेघ. म्हणजे ‘एस/कुलाबा/रायगड/’. (यंत्राला ते ‘एस’ रोमन लिपीत द्यावे लागते, येथे आम्ही सोयीसाठी नागरीत लिहितो.)

हा आदेश ‘जिल्हा कुलाबा’ या ओळीवर चालवला, तर ‘जिल्हा रायगड’ अशी ओळ मिळते. पाहणारा समाधान पावतो. खरी परीक्षा मात्र येथून पुढे सुरू होते. कापड विकत घेताना जाणता माणूस मधला पोत पाहतोच, पण काठही उलटून पाहतो. कारण वीण उसवते ती काठाशी. आज्ञावलीचेही तसेच आहे. नेहमीचा मजकूर ती नीट हाताळते. चुकते ती कडेच्या प्रसंगी.

आमच्या उदाहरणातल्या कडा पाहू. पहिली कड अशी की, कुलाबा एक नाही. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा आहे, आणि अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. आमचा लेखनिक दोहोंनाही रायगड करून टाकील. ‘जन्मस्थळ कुलाबा, मुंबई’ असे ज्याच्या नावापुढे आहे, त्याचा जन्म एका क्षणात ‘रायगड, मुंबई’ या नसलेल्या गावी होईल. 1883 साली आणि पुन्हा 1964 साली प्रसिद्ध झालेले कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर यादीत असेल, तर त्या ग्रंथाचे नावही बदलेल, आणि त्या नावाचा ग्रंथ मग कोणत्याच ग्रंथालयात सापडणार नाही.

दुसरी कड मराठीच्या स्वभावातली आहे. आपली नामे विभक्तीपूर्वी रूप पालटतात. ‘कुलाबा’ हा शब्द ‘कुलाब्यातील’ यात अक्षरशः सापडत नाही, कारण ‘बा’चा ‘ब्या’ झालेला असतो. म्हणून ती ओळ तशीच राहील. यावर कुणी युक्ती काढील की, ‘कुलाब’ एवढेच शोधावे. तसे केले तर ‘कुलाब्यातील’चे ‘रायगड्यातील’ होते, साध्या ‘कुलाबा’चे ‘रायगडा’ होते, आणि यादीत कुलाबकर आडनावाचे कुणी गृहस्थ असतील, तर न विचारता त्यांचे रायगडकर होतात.

तिसरी कड संख्येची. वरील आदेश प्रत्येक ओळीतला फक्त पहिला ‘कुलाबा’ बदलतो. ओळीत तो दोनदा असेल, तर दुसरा तसाच राहतो. सर्व बदलायचे तर आदेशाच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर जोडावे लागते. एकेकदाच शब्द असलेल्या ओळींवर परीक्षा घेणाऱ्याला ही उणीव कधीच दिसणार नाही.

आता चिन्हांकडे वळू. सेडच्या दृष्टीने काही चिन्हे साधी नसतात. पूर्णविराम म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. ‘डॉ.’ या संक्षेपाचे ‘डॉक्टर’ करावे, असा सरळ आदेश दिला, तर जेथे आधीच ‘डॉक्टर’ लिहिले आहे तेथे ‘डॉक’ एवढा भाग जुळतो आणि ‘डॉक्टर्टर’ असा चमत्कारिक शब्द तयार होतो. पूर्णविराम खरोखरीचा आहे, हे सांगण्यासाठी त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. ‘आणि’ या अर्थाने दुकानांच्या पाट्यांवर येणारे ‘&’ हे चिन्ह असेच फसवे आहे. बदली मजकुरात त्याचा अर्थ ‘जे सापडले तेच’ असा होतो. ‘आणि’च्या जागी ‘&’ घाल, असे सांगितले, तर लेखनिक ‘आणि’ काढून तेथे ‘आणि’च ठेवतो. काम झाले, तक्रार नाही, बदलही नाही!

तिरप्या रेघेची गंमत तर आपल्या सातबाऱ्यातच आहे. ‘7/12’ या शब्दाच्या जागी ‘सातबारा’ घालायचा, म्हणून कुणी ‘एस/7/12/सातबारा/’ असे लिहिले, तर सेडला वाटते की, 7 शोधायचे आहेत आणि तेथे 12 घालायचे आहेत. पुढचे ‘सातबारा’ मात्र तिला उमगत नाही, आणि ती काम नाकारून तक्रार करते. अशा वेळी रेघेऐवजी उभा दंड वापरून ‘एस|7/12|सातबारा|’ असे लिहावे. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, जी चूक ओरडून सांगते ती चूक उपकारक असते. ‘डॉक्टर्टर’ कोणी ओरडून सांगत नाही; ते छापून आल्यावरच दिसते.

सर्वांत घातक कड हावरेपणाची आहे. ‘कंसातला मजकूर काढून टाक’ असा आदेश देण्यासाठी सामान्यतः ‘उघडणारा कंस, मध्ये काहीही, बंद होणारा कंस’ असा नमुना लिहितात. पण ‘काहीही’ म्हटले की सेड जास्तीत जास्त घेते. ‘जोशी (निवृत्त), कुलकर्णी, म्हात्रे (स्थलांतरित)’ अशी ओळ असेल, तर पहिल्या उघडणाऱ्या कंसापासून शेवटच्या बंद होणाऱ्या कंसापर्यंत सगळे जाते; उरतात एकटे जोशी. कुलकर्णी आणि म्हात्रे यादीतून नाहीसे होतात. ओळीत एकच कंस घेऊन परीक्षा केली असेल, तर निकाल शंभर टक्के बरोबर येतो.

‘येथपासून तेथपर्यंत’ असा आदेशही जपून द्यावा. ‘टीप’ या शब्दापासून ‘समाप्त’ या शब्दापर्यंतच्या ओळी गाळ, असे सांगितले आणि मूळ लेखक ‘समाप्त’ लिहायला विसरला असेल, तर सेड मजकुराच्या अखेरपर्यंत सर्व ओळी गाळते. दोन्ही शब्द एकाच ओळीत असले, तरीही हाच धोका. कारण अखेरची खूण ती पुढच्या ओळीपासून शोधू लागते.

शून्याचे प्रकरण वेगळेच. प्रत्येक गावाची स्वतंत्र यादी आहे आणि प्रत्येकीच्या पहिल्या ओळीच्या आधी मथळा घालायचा आहे. एखाद्या गावाची यादी कोरी असेल, तर तेथे पहिली ओळच नाही. मग मथळाही नाही. लेखनिकाकडे पत्र आलेच नाही, तर शिक्का कशावर मारणार? तसेच शेवटच्या ओळीचे. ती ‘ओळ संपली’ या खुणेशिवाय संपू शकते. विंडोजवर लिहिलेल्या मजकुरात तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य खूण असते. त्यामुळे ‘ओळीच्या अगदी शेवटी पनवेल’ असे शोधले, तर डोळ्यांना शेवटी दिसणारे पनवेल सेडला शेवटी दिसत नाही.

नागरी लिपीने यात स्वतःची भर घातली आहे. ‘पनवेल’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत ती पाच चिन्हे होतात, कारण ‘वे’चा ‘व’ वेगळा आणि मात्रा वेगळी. आणि युटीएफ-8 या प्रचलित साठवणीत त्यांच्या पंधरा बाइट होतात. ‘कोणतेही एक चिन्ह’ पुसायला सांगितले, तर व जाऊन मात्रा लटकत राहू शकते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, सेडला ते दोन वेगळे शब्द वाटतात. नागरी ७ आणि आंतरराष्ट्रीय 7 यांचेही तसेच.

तर मग परीक्षा घ्यावी कशी? आमच्या मते तिची रीत सोपी आहे, पण ती शिस्तीने पाळावी लागते. मूळ मजकुराला हात लावू नये. प्रतीवर काम करावे. निकाल त्याच मजकुराच्या नावावर वळवू तर मुळीच नये, कारण संगणक आधी ते पान कोरे करतो आणि मग सेडला वाचायला देतो. वाचायला काहीच उरत नाही. नंतर दहा-बारा ओळींचा एक छोटा नमुना मुद्दाम खोडसाळपणे तयार करावा : एक कोरी ओळ, शब्द मुळीच नसलेली ओळ, दोनदा असलेली, विभक्ती लागलेली, दोन कंस असलेली, मुंबईच्या कुलाब्याची, आणि शेवटची अपुरी ओळ. प्रत्येकीचा अपेक्षित निकाल यंत्र चालवण्यापूर्वी हाताने लिहून ठेवावा. नंतर लिहिला, तर यंत्राने दिलेले उत्तरच आपल्याला बरोबर वाटू लागते. मग आदेश चालवावा आणि ‘डिफ’ या आज्ञावलीने दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. ज्या यंत्रावर काम व्हायचे त्याच यंत्रावर हे करावे. लिनक्सवरची सेड आणि मॅकवरची सेड काही बाबतींत भिन्न वागतात.

आणखी एक परीक्षा विसरू नये : तोच आदेश दुसऱ्यांदा चालवून पाहावा. ‘पनवेल’चे ‘नवीन पनवेल’ करणारा आदेश दुसऱ्या खेपेस ‘नवीन नवीन पनवेल’ करतो. घाईच्या दिवशी एकच काम दोनदा होणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे.

इतके करूनही सर्व चुका सापडल्या, असे म्हणता येत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1969 साली रोम येथील परिषदेत सांगितले होते की, परीक्षेने दोष आहे हे सिद्ध होते. दोष नाही हे सिद्ध होत नाही. ते खरेच आहे. म्हणूनच आम्ही कुलाब्याच्या बाबतीत आणखी एक पाऊल मागे येऊ. एकदा सर्व कुलाबा रायगड झाले, की कोणता रायगड मुळातला, म्हणजे महाडजवळचा किल्ला, आणि कोणता आपण घातलेला, हे यादीवरून कळण्याचा मार्ग उरत नाही. उलट आदेश देऊन गेलेली माहिती परत येत नाही. तेव्हा मूळ शब्द काढूच नये. ज्या ‘&’ने मघाशी फसवले, तोच येथे कामी येतो. ‘जिल्हा कुलाबा’ शोधावे, आणि बदली म्हणून ‘& (आता रायगड)’ द्यावे. जुना शब्द जागेवर राहतो, नवा शेजारी बसतो. मात्र हा आदेशही दोनदा चालवू नये!

यादी हा रुक्ष विषय वाटतो. पण यादीतून ज्याचे नाव गळते, तो त्या दिवशी तक्रार करायला येत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते. तो येतो वर्षांनी, वारसाच्या कामाला, हातात जुना कागद घेऊन, आणि तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, “आमच्याकडे असे नाव नाही.” दोन कंसांची ती एक ओळ कुणी आधी तपासली असती, तर म्हात्र्यांच्या नातवाला हे ऐकावे लागले नसते.