हाडं ठिसूळ झाली, म्हणून काम सोडायचं का?

आज आपण ठिसूळ हाडांबद्दल, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात त्याबद्दल बोलणार आहोत. औषध कोणतं घ्यायचं ते डॉक्टर सांगतात. पण तपासणी करून घरी आलं की खरा प्रश्न सुरू होतो: आता कामं करायची की नाही? घरचे म्हणतात, "आई, तू आता नुसती बसून राहा." आणि तीच आई दुसऱ्या दिवशी कांद्याच्या वाफ्यात वाकलेली दिसते, कारण लागवडीला मजूर मिळत नाहीत. ही दोन्ही टोकं धोक्याची आहेत. काम सोडायचं नाही, कामाची पद्धत बदलायची.

आधी बसून राहण्याचं बघू. हाड जिवंत असतं. त्यावर भार पडला तर ते टिकतं, नाही पडला तर झिजतं. अंतराळवीर धडधाकट माणसं, पण तिथे शरीराचा भार हाडांवर येत नाही, म्हणून त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक टक्क्याने कमी होतं. खाटेवर पडून राहणाऱ्याचंही असंच होतं. शिवाय पायांतली ताकद जाते, तोल जातो आणि माणूस पडतो. म्हणजे पडायला नको म्हणून बसलो, आणि बसलो म्हणूनच पडलो!

आता वाकण्याचं. ठिसूळ हाडं मुख्यतः तीन ठिकाणी मोडतात: मनगट, खुबा आणि मणका. पैकी मणका मोडायला पडावंच लागतं असं नाही. कमरेतून पुढे वाकून वजन उचललं की मणक्यांच्या पुढच्या कडेवर फार मोठा दाब येतो. ती कडा चेपते, मणका पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके चेपले की पोक येतं, उंची कमी होते. आपण म्हणतो, "वय झालं."

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सिनाकी आणि मिकेलसन यांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मणके ठिसूळ झालेल्या 59 स्त्रिया त्यात होत्या. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के जणींचे मणके नव्याने चेपले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 89 टक्के निघालं. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. म्हणून पश्चिमोत्तानासन, हलासन, पायाचे अंगठे धरणं हे अशा माणसांनी करू नये. चालणं, आणि फिजिओथेरपिस्टनी दाखवलेले पाठ ताठ ठेवण्याचे व्यायाम करावेत.

आता आपल्या चांदवडच्या रोजच्या कामांकडे येऊ.

शेतात रोपं लावणं आणि कांदा उपटणं ही तासन्‌तास वाकायची कामं. ती घरातल्या तरण्यांनी घ्यावीत. पात कापणं, प्रतवारी करणं ही कामं आजीने घ्यावीत, पण जमिनीवर बसून नाही. स्टुलावर बसून, कांद्याचं क्रेट मांडीच्या उंचीवर ठेवून. भरलेलं क्रेट किंवा गोणी तिने उचलायची नाही.

पाणी भरताना एका मोठ्या हंड्याऐवजी लहान कळशीने जास्त फेऱ्या मारा. खालची वस्तू उचलताना गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वस्तू पोटाशी धरा आणि उचलताना कंबर पिळू नका. नातवाला खालून उचलू नका. आधी आपण बसा, मग त्याला मांडीवर चढू द्या. रोजचे डबे कमरेच्या उंचीच्या फळीवर आणा. केर लांब दांड्याच्या झाडूने काढा.

पडण्याची खरी जागा म्हणजे मोरी आणि संडास. तिथे भिंतीत पक्की दांडी बसवून घ्या. टॉवेल अडकवायची दांडी चालणार नाही, ती वजनाने उपटून येते. उंबऱ्याजवळ दिवा ठेवा, झिजलेल्या स्लिपर फेकून द्या आणि साडी घोट्याच्या वर नेसा. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो. त्यापुढे दांडीचा खर्च किती, हे तुम्हीच ठरवा.

प्रवासात एसटीच्या मागच्या सीटवर बसू नका. गाडी खड्ड्यात आपटली की तो दणका सरळ मणक्यात जातो. पुढची किंवा मधली जागा मागून घ्या. मोटरसायकलवर मागे बसायची वेळ आली, तर गतिरोधक हळू ओलांडायला बजावा.

रेणुकामातेच्या दर्शनाला जरूर जा, पायऱ्या आधार धरून चढा. पण उंबऱ्यावर डोकं टेकू नका. उभ्याने हात जोडले तरी आई रागवत नाही!

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. शिंक आली तर आधार धरा, पाठ ताठ ठेवा. आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी असेल, तर ती उपाशीपोटी, चहाबरोबर नाही, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि नंतर किमान अर्धा तास आडवं होऊ नका. आहारात नाचणी, तीळ, दूध-ताक ठेवा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाकताना किंवा काही उचलताना पाठीत एकदम कळ आली, की आपण म्हणतो, "उसण भरली." मग कोणी जोरात चोळतं, कोणी पायाळू माणसाकडून पाय लावून घेतं. साठीच्या बाईची ती उसण मोडलेला मणका असू शकते. तिथे पाय लावू नका, एक्स-रे काढा. एक मणका चेपला की पुढचा चेपण्याचा धोका वाढतो, म्हणून पहिलाच वेळेवर ओळखायचा.

घरी गेल्यावर आज एवढंच करा: मोरीत कुठे हात धरायला जागा आहे का, ते बघा. नसेल, तर उद्या मिस्त्रीला बोलवा.