संवेदकांच्या गावातील साथ

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचे बेट आहे. तेथे स्टॉर्म पेट्रेल हे समुद्रपक्षी बिळांत अंडी घालतात. माणसाची चाहूल लागली की ते बिथरतात. म्हणून २००२ साली शास्त्रज्ञांनी तेथे ३२ बिनतारी संवेदक ठेवले. प्रत्येक संवेदक म्हणजे दोन पेन्सिल सेलवर चालणारा चिमुकला संगणकच!

असे शेकडो संवेदक शेतात किंवा जंगलात पेरता येतात. एकाने तापमान मोजायचे, शेजाऱ्याला कळवायचे, शेजाऱ्याने पुढच्याला, असा निरोप मुख्य केंद्रापर्यंत पोहोचतो. पण निरोपाच्या याच वाटेने ‘कृमी’ही शिरू शकतो. कृमी म्हणजे स्वतःच्या प्रती काढून आपोआप पसरणारी घातक आज्ञावली. संवेदकाचा संदेश अगदी छोटा. त्यात आज्ञावली मावत नाही. तरीही ती तुकड्यातुकड्यांनी आत घुसवता येते, हे फ्रान्समधील दोन संशोधकांनी २००८ साली प्रयोगाने दाखवून दिले.

मग प्रत्येक संवेदकात पहारेकरी आज्ञावली का बसवू नये? त्या बेटावरील संवेदकाची कामचलाऊ स्मृती होती अवघी ४ किलोबाइट. तुम्ही वाचत असलेला हा लेख युनिकोडमध्ये साठवला, तर तोसुद्धा तीत मावणार नाही!

येथे साथीच्या रोगांचे गणित मदतीला येते. १९२७ साली केरमॅक व मॅकेन्ड्रिक यांनी लोकांचे निरोगी, बाधित आणि साथीतून बाद झालेले असे तीन गट कल्पून समीकरणे मांडली आणि ती मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या आकड्यांशी ताडून पाहिली. माणसांच्या जागी संवेदक घाला, तीच पद्धत चालते. समजा, प्रत्येक बाधित संवेदक मिनिटाला एक नवा संवेदक बाधित करतो. तिसऱ्या मिनिटाला बाधित ८, दहाव्याला १०२४! म्हणून साथ पहिल्या काही मिनिटांतच ओळखली पाहिजे.

ती ओळखायची कशी? पहिली खूण शेजारी देतात. दहा मिनिटांतून एकदा बोलणारा संवेदक अचानक सारखा बडबडू लागला, की संशय घ्यावा. पण थांबा! जंगलात खरोखर वणवा लागला तरी संवेदक असेच बडबडतील. त्यांनाच गप्प केले, तर वणव्याची वार्ता कोण देणार?

म्हणून दुसरी परीक्षा घेतात. मुख्य केंद्र संशयिताला एक नवीच संख्या पाठवते. ती आपल्या स्मृतीतील आज्ञावलीशी मिसळून, ठरलेल्या रीतीने गणित करून त्याने झटपट उत्तर द्यायचे. आज्ञावली बदलली असेल तर उत्तर चुकते, आणि खोटे लपवू पाहिले तर उशीर होतो. वणवा पाहून ओरडणारा मात्र या परीक्षेत पास होतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. साक्ष देणारा शेजारीच बाधित असेल आणि चांगल्या संवेदकावर आळ घेऊ लागला, तर किती शेजाऱ्यांची साक्ष पुरेशी मानावी? चिठ्ठ्या वाटून हा खेळ वर्गात खेळून पाहा आणि शिक्षकांशी चर्चा करा.