विश्लेषण : स्टार्टअपची ऑफर आली, पगार वेळेवर होईल का, हे आधी कसे तपासायचे?

तारापूर एमआयडीसीत नोकरी धरायची तर चौकशीची पद्धत ठरलेली आहे. शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहायचे आणि ओळखीच्या कामगाराला विचारायचे, पगार किती तारखेला होतो, पैसे अडकतात का. नवापूर, दांडी, बोईसरच्या पट्ट्यात असा ओळखीचा माणूस सहज सापडतो. पण याच घरांतली मुले आता इंजिनिअरिंग करून अंधेरी, पवई किंवा पुण्याच्या स्टार्टअपची ऑफर आणतात, तेव्हा घरच्यांची पंचाईत होते. त्या कंपनीला गेट नसते. कधी कधी तर ऑफिस म्हणजे भाड्याची आठ टेबले. मग चौकशी करायची कुठे?

मोठी गुंतवणूक म्हणजे सुरक्षित नोकरी का?

नाही. पवईच्या ‘टायनीआऊल’चे उदाहरण जुने असले तरी अजून उपयोगी आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या खाद्यपदार्थ ऑर्डरच्या ॲपने २०१५ च्या सुरुवातीला सुमारे १०० कोटी रुपयांची गुंतवणूक मिळवली. नामांकित गुंतवणूकदार, बातम्यांत फोटो, जोरात भरती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शंभरावर कर्मचारी कमी झाले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा तितकेच. पुण्याचे ऑफिस बंद करायला गेलेल्या एका सहसंस्थापकाला कर्मचाऱ्यांनी तिथेच अडवून ठेवले. शेवटचा हिशेब चुकता करा, मगच जा, एवढीच मागणी. २०१६ मध्ये कंपनी दुसऱ्या स्टार्टअपमध्ये विलीन झाली.

गुंतवणुकीची बातमी सांगते पैसे किती आले. दर महिन्याला किती जातात, ते सांगत नाही. म्हणून मुलाखतीत विचारायचा प्रश्न असा : सध्याच्या खर्चात हातातले पैसे किती महिने पुरतील? बँकेत ६ कोटी आणि उत्पन्न वजा जाता महिन्याचा खर्च ५० लाख, तर १२ महिने. आकडा सांगणार नाहीत कदाचित, पण संस्थापक किंवा तुमचा होणारा मॅनेजर या प्रश्नावर चिडत असेल तर तेही उत्तरच समजा. एचआरला विचारून फारसा उपयोग होत नाही, त्यांनाही बहुधा माहीत नसते.

कंपनी कागदावर कशी आहे?

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर कंपनीचे नाव टाका. ‘मास्टर डेटा’ मोफत दिसतो : नोंदणी कधीची, संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा. ऑफर लेटरवरचा २१ अक्षरी सीआयएन क्रमांकही वाचून पाहा, त्यात राज्य आणि नोंदणीचे वर्ष असते. ‘आम्ही २०१६ पासून’ म्हणणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२४ असेल तर कारण विचारा. कारण साधेही असू शकते. थोडे शुल्क भरले की ताळेबंद आणि नफा-तोट्याचे पत्रकही उघडते. तोटा पाहून घाबरू नका, स्टार्टअपमध्ये तो असतोच. पण ताळेबंद वर्ष-दोन वर्षे दाखलच झाला नसेल, तर थांबा.

सर्वांत खरे बोलणारी नोंद कोणती?

पीएफची. आणि नेमकी तीच फारसे कोणी पाहत नाही. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ कायदा लागू होतो. मागच्या महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये कंपनी शोधली की कोणत्या महिन्याचा हप्ता कधी जमा झाला आणि तो किती कर्मचाऱ्यांचा होता, हे लॉगइनशिवाय दिसते.

मागचे १२ महिने खाली-वर करून पाहा. हप्ता आधी १४ तारखेला, मग २५ ला, मग दोन महिन्यांचा एकदम असा सरकत असेल तर पगारही सरकण्याची शक्यता मोठी. कर्मचारी १४० वरून ६० वर आले असतील आणि मुलाखतीत मात्र ‘टीम वाढवतोय’ ऐकले असेल, तर काय ते समजून घ्या. एक सावधगिरी : ठरावीक पगारमर्यादेच्या वरच्या नव्या कर्मचाऱ्याला पीएफ सक्तीचा नसतो, त्यामुळे एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. पाहायचा तो महिन्यागणिक बदल.

बायजूजच्या बाबतीत हेच घडले. २२ अब्ज डॉलर मूल्यांकन सांगणाऱ्या या कंपनीने पीएफ थकवल्याचे २०२३ मध्ये ईपीएफओच्या नोंदींवरूनच चर्चेत आले. त्याच जूनमध्ये ताळेबंदाला उशीर झाल्याचे सांगून लेखापरीक्षक डेलॉइटने राजीनामा दिला. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. म्हणजे इशारा वर्षभर आधी मोबाइलवर दिसत होता.

१२ लाखांची ऑफर नेमकी किती?

त्यात ३ लाखांचे ईसॉप आणि १ लाख ‘व्हेरिएबल’ असेल तर ८ लाखांची. हिशेब ८ लाखांवरच करा. ईसॉप म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. तो मिळायला कायद्यानेच किमान वर्ष लागते, पूर्ण मिळायला बहुतेक ठिकाणी चार. आणि किंमत खालीही येते : मुंबईच्या फार्मइझीने २०२३ मध्ये आधीच्या मूल्यापेक्षा सुमारे ९० टक्के कमी भावाने शेअर काढले.

बाँडची रक्कम आणि नोटीसचा काळ सही करण्यापूर्वी वाचा. मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या तर देऊ नका.

गेटवरच्या माणसाचे काय?

तो आता लिंक्डइनवर आहे. गेल्या वर्षभरात कंपनी सोडलेले दोघे-तिघे शोधा आणि एवढेच विचारा : सोडल्यावर शेवटचा हिशेब किती दिवसांत मिळाला? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार तो दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. ‘अजून मिळाला नाही’ असे दोघांनी सांगितले, तर बाकी तपासणीची गरज नाही.

आठ-दहा महिन्यांचे पैसे असलेली कंपनी सगळ्यांनीच नाकारावी, असेही नाही. घरी राहणाऱ्या, कर्ज नसलेल्या मुलीला तिथे वर्षभरात जे काम शिकायला मिळेल, ते मोठ्या कंपनीत तीन वर्षांत मिळेलच असे नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेल्या मुलासाठी मात्र तीच ऑफर जड आहे. आणि ऑफर घेतलीच, तर अंधेरीत खोलीचे डिपॉझिट लगेच अडकवू नका. बोईसरहून लोकलची रोजची ये-जा जीव काढते, तरी तीन पगार खात्यात पडेपर्यंत पासच काढा.