वाटेवरचा औषधाचा डबा

वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारात कुणाला विळा लागला की पहिली हाक हळदीची असते. त्यात नवल नाही. हळद हे हिंगोली जिल्ह्याचं मोठं नगदी पीक, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही नरसी नामदेवहून पंढरीच्या वाटेला लागताना, सिद्धेश्वर धरणावर पोराबाळांसह जाताना किंवा औंढ्याच्या डोंगरात भटकायला निघताना जो औषधाचा डबा सोबत घ्यायचा, त्यात हळद ठेवू नका, असंच मी सांगेन.

हळद जखम भरून काढते हे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानेही मान्य केलंय की, असं कुणी म्हणेल. घडलं ते असं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. या वादाच्या काळात डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. ही लढाई मोलाची होती. पण पेटंट रद्द झालं ते या वापरात नवं काही नाही म्हणून. ताज्या जखमेत हळकुंडाची पूड दाबणं हाच उत्तम उपचार, असा निवाडा तिथे कुणी दिला नव्हता.

हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये दाह कमी करण्याचे गुण प्रयोगशाळेत दिसतात. पण डब्यातली पूड म्हणजे शुद्ध कर्क्युमिन नव्हे. हळद जमिनीखाली वाढते. ती शिजवतात, उघड्यावर वाळवतात, दळतात, आणि या प्रवासात मातीतले टिकाऊ जिवाणू-बीजाणू तिच्यात राहू शकतात. सुटी हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, मिसळल्याचंही बांगलादेशात आणि भारतातल्या काही शहरांत संशोधकांना आढळलं आहे. शिवाय पुडीचा चिखल झाला की जखम किती खोल आहे, आत काटा आहे की काच, हे डॉक्टरांना दिसत नाही. सगळं धुऊन काढण्यातच त्यांचा वेळ जातो.

जखमेला खरं लागतं ते पाणी. पिण्यालायक स्वच्छ पाण्याची धार सोडून माती, शेणाचे कण, कुसळं वाहून जाईपर्यंत जखम धुवायची. धनुर्वाताचे बीजाणू माती-शेणात असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते फोफावतात, म्हणून हे धुणं कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाचं. पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली ठेवावी, ती नंतर जखमेच्या कडांना लावायला. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर सहलीआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं.

रक्त वाहत असेल तर आधी दाब. डब्यात निर्जंतुक गॉजच्या घड्या, रुंद क्रेप बँडेज, चिकटपट्टी आणि रबरी हातमोज्यांचा एक जोड हवा. घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबायची आणि घड्याळ लावून दहा मिनिटं हात उचलायचा नाही. नेमकं हेच आपल्याला जमत नाही. दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून आपण उचलून बघतो. रक्तातल्या बिंबिका काही सेकंदांतच फाटलेल्या जागी चिकटतात, पण त्यांच्यावर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जायला काही मिनिटं लागतात. घडी उचलली की ती अर्धवट जाळी तुटते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवा, पहिली काढू नका.

आता सापाकडे येतो. आपल्या जिल्ह्यात ‘बाहेर जाणं’ म्हणजे दरवेळी सहल नसते. रात्रीची लाईट असते तेव्हा हळदीला पाणी द्यायला जाणारा माणूसही बाहेरच असतो, आणि त्याला धोका पर्यटकापेक्षा अधिक. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. दिंड्या चालतात आणि पेरण्या होतात त्याच काळातले.

म्हणून माझ्या मते या डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू औषध नाहीच. ती आहे बॅटरी, म्हणजे टॉर्च, आणि तिचे जास्तीचे सेल. दुसरी वस्तू पायातला बूट. गवतात हात घालण्याआधी उजेड पाडणं आणि उघड्यावर जमिनीवर न झोपता खाटेवर किंवा मच्छरदाणी नीट खोचून झोपणं, एवढ्याने मण्यारीचे कितीतरी दंश टळतात. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा ना सूज येते ना फारसं दुखतं. पहाटे पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात, गिळता येईना होतं. अपचन समजून सोडा पाजत बसलं तर श्वासाचे स्नायू लुळे पडेपर्यंत वेळ निघून जातो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात. घोड्यांना विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी करून ते बनतं. मुंबईत परळची हाफकिन ही संस्था या कामासाठी नावाजलेली. रक्तात मोकळं फिरणारं विष ही प्रतिपिंडं पकडतात. पण मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांशी बसून त्यांची नासधूस करू लागलं की ते नुकसान प्रतिविषाने लगेच भरून निघत नाही. मग रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवून शरीर सावरण्याची वाट पाहावी लागते. सर्पदंशात मिनिटांना इतकी किंमत आहे ती यामुळे.

प्रतिविष डब्यात नेता येत नाही आणि नेऊही नये. ते शिरेतून द्यावं लागतं आणि त्याचीच जबर ॲलर्जी येऊ शकते. मग डब्याचा उपयोग काय? रुंद क्रेप बँडेज किंवा ओढणी घेऊन चावलेला हात-पाय लाकडाच्या फळीला, छत्रीला, जे हाताशी असेल त्याला मोडलेल्या हाडासारखा बांधायचा. आवळायचा नाही, फक्त हलू द्यायचा नाही, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज येण्याआधी काढायचे. बॉलपेनने दंशाची वेळ कागदावर लिहायची. सूज असेल तर तिच्या कडेला कातडीवरच रेघ मारून शेजारी वेळ लिहायची. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सूज रेघेच्या किती पुढे गेली हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं. चालत न्यायचं नाही. १०८ ला फोन लावायचा, आणि ती गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने, निजवून, निघायचं.

ब्लेड, सुतळी, रबराची पट्टी, पोटॅशियम परमँगनेट, विष ओढून घेतो म्हणून विकला जाणारा पंप, यांतलं काहीही डब्यात नको. आवळपट्टीने रक्तपुरवठा तुटून हात-पाय कापायची पाळी येते, आणि पट्टी एकदम सोडली तर अडकलेलं विष लोंढ्याने आत जातं. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त गोठेनासं होतं. त्याला ब्लेडने चिरणं म्हणजे न थांबणारा रक्तस्राव आपल्या हाताने सुरू करणं.

विंचवाचं वेगळं. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण खरा धोका लहान लाल विंचवाचा. त्याच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. घाम सुटतो, हात-पाय गार पडतात, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं. यावर उपाय दाखवला तो मराठवाड्याच्याच माणसाने. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या वादळाला आवर घालते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं आणि जगाला दाखवलं. पूर्वी गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्के दगावत, ते प्रमाण या उपचाराने एखाद्या टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे वाचून प्राझोसिन घरी आणून ठेवू नका. ती रक्तदाब एकदम उतरवते, तेव्हा ती डॉक्टरांनीच द्यायची. आपण फक्त ओळखायचं: नुसतं दुखत असेल तर धोका कमी; घाम, उलट्या आणि गार पडलेले हात-पाय दिसले तर ताबडतोब निघायचं. लहान मूल असेल तर कशाचीच वाट पाहायची नाही.

धरणाची भिंत, जुनं देऊळ, वडाचं झाड अशा ठिकाणी आग्या मोहोळ असतं. माशा उठल्या तर तोंड झाकून लांब पळायचं. नांगी कशी काढावी यावर लोक वाद घालतात, पण तिच्या टोकाची विषाची पिशवी मागे सुटूनही विष ढकलत राहते, म्हणून नखाने, चिमट्याने, कशीही काढा, फक्त चटकन काढा. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. सेटिरिझिनची गोळी डब्यात असावी, ती खाज आणि गांधीसाठी. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, चक्कर आली तर त्या गोळीच्या भरवशावर राहू नका. त्याला ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं आणि ते दवाखान्यात असतं.

मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना चालायचं तर ओआरएस हवंच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणलं. त्यामागचं शास्त्र सुंदर आहे. आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात असले तरच हे नीट चालतं. म्हणून एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट तांब्याभर पाण्यात अंदाजाने ढवळलं तर द्रावण दाट होतं आणि उलट आतड्यात पाणी खेचतं. पाकिटावर ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ असं लिहिलेलं आहे ना, हे पाहून घ्या. गोड सरबताच्या खोक्यांनी ते काम होत नाही.

माणूस उन्हाने बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटके बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉल चालत नाही. तापात मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण वर सरकलेलं असतं, ते ही गोळी खाली आणते. उष्माघातात नियंत्रण जागेवर असतं, उष्णताच बाहेर टाकता येत नसते. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि उपरण्याने, वहीने जोरात वारा घालायचा. एक लिटर पाणी कातडीवरून वाफ होऊन उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ही ताकद कोणत्याही गोळीत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एरवीच्या अंगदुखीला पॅरासिटामॉल ठेवावं, ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या नकोत. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात, आणि सर्पदंश झालाच तर रक्तस्रावही वाढवतात.

वारकऱ्यांना दवाखान्याची आठवण सर्वांत जास्त येते ती पायाच्या फोडांमुळे. पाय चपलेत सरकतो, वरची कातडी एकीकडे आणि आतलं हाड दुसरीकडे ओढलं जातं, मधले थर सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. जागा लाल होऊन हुळहुळू लागते तीच वेळ कापडी चिकटपट्टी लावण्याची. फोड आलाच तर फोडू नका, वरची कातडी हीच सर्वांत स्वच्छ पट्टी आहे. मधुमेह्यांनी रोज मुक्कामावर तळपाय बॅटरीच्या उजेडात पाहावेत किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावेत. त्यांना लागलेलं कळत नाही.

हळद शिजवायच्या हंगामात वाफेने हात भाजतात, सहलीत चुलीवर भाजतात. त्यावर टूथपेस्ट नको, शाई नको. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, मग स्वच्छ ओलसर कापड.

हे सगळं स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात मावतं. कात्री आणि चिमटा त्यातच ठेवा. डबा मोटारसायकलच्या डिकीत वर्षभर ठेवू नका. बहुतेक औषधांवर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि उन्हातली डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. इन्सुलिन असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या गाडग्यात, पाणी लागणार नाही अशा पिशवीत ठेवावं. बाष्पीभवन इथेही कामी येतं. मधुमेह्याने ग्लुकोजची पुडी वरच्या खिशात ठेवावी, पिशवीच्या तळाशी नव्हे.

आणि एक कागद हवाच. त्यावर नाव, वय, कशाची ॲलर्जी आहे, घरच्यांचा फोन, आणि रोजच्या औषधांची पूर्ण नावं मिलिग्रॅमसकट लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, पण कागदही असू द्या, कारण मुक्कामावर चार्जिंगला रांग असते. वाटेतल्या अनोळखी दवाखान्यात ‘बीपीची लहान पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या हे आज्जीला पाठ असतं, नाव नसतं. निघण्याआधी तिच्याजवळ बसून पाकिटावरून ते उतरवून घ्या.