नकाशा आणि हिशेबाची वही

जुलै महिन्यात आल्प्सच्या घाटांत टूर द फ्रान्स पाहायला लाखो माणसे जमतात. आदल्या दिवसापासून तंबू ठोकून, रस्त्यावर रंगाने आवडत्या सायकलपटूंची नावे लिहून ती वाट पाहत बसतात. यातल्या कोणाकडेही तिकीट नसते, कारण ते विकलेच जात नाही. क्रिकेटचे मैदान कुंपण घालून विकता येते, तीन हजार किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्याला कुंपण कुठून घालणार? म्हणून या खेळाने पहिल्या दिवसापासून दुसरा माल विकला : मार्ग. शर्यत कुठून सुटणार, कुठल्या गावात मुक्कामाला थांबणार, कुठला डोंगर टीव्हीवर तासभर दिसणार, यावर शर्यतीचा संसार चालतो. त्यामुळे मार्गाची आखणी आणि पैशाची जुळवाजुळव ही दोन कामे वेगळी काढताच येत नाहीत. व्यावसायिक सायकलिंगच्या सव्वाशे वर्षांचा आढावा घेताना नकाशाशेजारी हिशेबाची वही उघडी ठेवावी लागते.

वर्तमानपत्राची पोटची शर्यत

टूरचा जन्मच खपाच्या भांडणातून झाला. पॅरिसमध्ये ‘ल व्हेलो’ नावाचे क्रीडा दैनिक जोरात होते आणि त्याच्यासमोर ‘लोतो’ धापा टाकत होते. ‘लोतो’चे संपादक आन्री देग्रांज यांना त्यांचा तरुण सहकारी जेओ लेफेव्र याने देशाला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना दिली. १९०३ साली सहा टप्पे आणि २,४२८ किलोमीटरची पहिली टूर झाली. साठ जण सुटले, एकवीस जण पोचले आणि मोरिस गारँ जिंकला. पॅरिसजवळून ल्योंपर्यंतचा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा होता. टप्पे इतके लांब का? वाचकाला दुसऱ्या दिवशी सकाळी अंक विकत घ्यावासा वाटेल एवढी कथा त्यातून निघायला हवी होती, म्हणून. पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले.

‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जाई आणि १९१९ पासून टूरच्या आघाडीवीराची जर्सी पिवळी झाली. इटलीचा जिरो १९०९ साली ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने सुरू केला. त्याचा कागद गुलाबी, म्हणून १९३१ पासून जिरोची जर्सीही गुलाबी. स्पेनची व्हुएल्टा १९३५ साली ‘इन्फोर्मासिओनेस’ या दैनिकाने काढली. तिन्ही मोठ्या शर्यती छापखान्याच्या पोटच्या आहेत.

कथेची भूक वाढत गेली तसा नकाशाही वर चढला. १९१० साली देग्रांज यांचे सहकारी आल्फोन्स स्टाइनेस पिरेनीज पर्वतातील तुर्माले खिंडीची पाहणी करायला गेले, तिथल्या बर्फात अडकले, कसेबसे बाहेर आले आणि रस्ता उत्तम असल्याची तार त्यांनी पाठवली. त्या वर्षी त्या घाटांतून जाताना ऑक्ताव्ह लापीझने संयोजकांना खुनी म्हटले आणि अखेरीस टूरही त्यानेच जिंकली. १९२६ साली मार्ग ५,७४५ किलोमीटरवर गेला. एवढी लांब टूर पुन्हा झाली नाही. आजची टूर एकवीस टप्प्यांत साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर चालते, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस असतात.

पाहुणचाराचा भाव

१९३० साली देग्रांज यांनी सायकल कारखान्यांचे संघ बाहेर काढले. कारखानेच आपसांत निकाल ठरवतात, असा त्यांना संशय होता. त्यांच्या जागी राष्ट्रीय संघ आले, पण मग सायकलपटूंच्या खाण्यापिण्याचा, राहण्याचा खर्च संयोजकावर पडला. तो भागवायला शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा निघाला. हा ताफा आजही टोप्या, चॉकलेटे, किल्ल्यांचे जुडगे उधळत जातो. कित्येक कुटुंबे शर्यतीइतकीच त्याच्यासाठी रस्त्यावर येतात.

दुसरा आधार गावांचा. वारीत पालखीचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. टूरचे मुक्काम दरवर्षी नव्याने ठरतात आणि त्यासाठी नगरपालिका अर्ज करतात, पैसे भरतात. आल्प द्युएझचेच पाहा. हिवाळ्यात स्कीइंगवर चालणाऱ्या या गावातली हॉटेले उन्हाळ्यात ओस पडत. १९५२ साली तिथल्या हॉटेलवाल्यांनी पुढाकार घेऊन टूरला वर बोलावले. पर्वतमाथ्यावर संपणाऱ्या टूरच्या पहिल्या टप्प्यांपैकी हा एक. फाउस्तो कोप्पी तो जिंकला. पुढे मात्र १९७६ पर्यंत टूर तिथे फिरकली नाही. आज एकवीस वळणांचा, १३.८ किलोमीटरचा, सरासरी आठ टक्के चढाचा तो घाट हा या खेळातला सर्वांत ओळखीचा रस्ता आहे. डोंगर तर पूर्वीपासूनच होता, त्याला शर्यतीच्या नकाशावर आणले ते मोकळ्या खोल्यांनी.

मुक्कामाचा हा बाजार परदेशातही पोचला. १९५४ साली टूर पहिल्यांदा फ्रान्सबाहेरून, ॲमस्टरडॅममधून सुटली. २०१४ साली लीड्स, २०२२ साली कोपनहेगन, २०२३ साली बिल्बाओ, २०२४ साली फ्लॉरेन्स. जिरो २०१८ साली जेरुसलेमहून, २०२२ साली बुडापेस्टहून निघाला. पर्यटनाची जाहिरात आणि राजकीय प्रतिमा दोन्ही एकदम विकत घेता येतात, म्हणून शहरे रांग लावतात. पण राजकारण घरात घेतले की ते आपल्या सोयीने वागत नाही. २०२५ च्या व्हुएल्टात इस्रायलशी नाव जोडलेल्या संघाविरुद्धच्या निदर्शनांमुळे माद्रिदचा अखेरचा टप्पा अर्ध्यावर सोडावा लागला.

आखणीची कारागिरी

पैसे देणाऱ्या गावांची यादी हाती आली म्हणजे शर्यत तयार झाली असे नाही. आज टूरचा मार्ग तिएरी गूव्हनू यांच्या देखरेखीखाली आखला जातो. संचालक ख्रिस्तियां प्रुदॉम यांच्यासमवेत ते दोन मुक्कामांच्या मधली वाट शोधतात. वळणचौक, गतिरोधक, अरुंद पूल, उतारावरचे खराब डांबर, सगळे पाहावे लागते. टप्प्याच्या शेवटी सरळ, रुंद रस्ता लागतो आणि शेजारी दूरचित्रवाणीच्या, पाहुण्यांच्या, संघांच्या गाड्या उभ्या करायला मोठे मैदान. मध्य फ्रान्समधला प्वी द दोम हा मृत ज्वालामुखी १९८८ नंतर थेट २०२३ साली मार्गात परतला. वर जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेच्या कडेने आता डोंगरी रेल्वे धावते. त्यामुळे त्या दिवशी अखेरच्या चढावर प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता.

सपाट टप्पे वेगवानांचे, डोंगर चढणाऱ्यांचे आणि घड्याळाविरुद्धची एकट्याची टाइम ट्रायल ताकदवान सायकलपटूंची. यांचे प्रमाण बदलले की विजेत्याचा साचाही बदलतो. २०१२ साली टाइम ट्रायल मिळून शंभर किलोमीटरहून अधिक होत्या आणि ब्रॅडली विगिन्स जिंकला. २०१५ साली वैयक्तिक टाइम ट्रायल जेमतेम चौदा किलोमीटरची होती. आखणारा माणूस अशा रीतीने निकालाला हात न लावता निकालाच्या शक्यता ठरवतो. १९८९ साली शर्यत पॅरिसमध्ये टाइम ट्रायलने संपवायचे ठरले आणि ग्रेग लेमाँडने लॉराँ फिन्याँला अवघ्या आठ सेकंदांनी मागे टाकले. टूरच्या इतिहासातले हे सर्वांत कमी अंतर.

टीव्हीनेही आखणीत हात घातला आहे. २०१७ पासून टूरचा प्रत्येक टप्पा सुरुवातीपासून अखेरपर्यंत थेट दाखवला जातो. दुपारभर काहीच घडले नाही तर प्रेक्षक वाहिनी बदलतो. म्हणून छोटे, तिखट टप्पे आले. २०१८ साली पिरेनीजमध्ये फक्त ६५ किलोमीटरचा डोंगरी टप्पा ठेवला होता. व्हुएल्टाने हा मार्ग आधीच धरला होता. १९९५ साली ती वसंतातून सप्टेंबरात गेली. टूर संपलेली, सगळे थकलेले, अशा वेळी लक्ष वेधायला तिला भिंतीसारखे चढ हवे होते. आस्तुरियासमधला आंग्लिरू १९९९ साली पहिल्यांदा आला. साडेबारा किलोमीटरच्या या चढाचा एक तुकडा तेवीस टक्क्यांहून तीव्र आहे. जिरो मे महिन्यात होत असल्याने त्याच्या उंच खिंडी कधी बर्फाखाली असतात. २०१३ साली त्यापायी एक अख्खा टप्पा रद्द झाला.

निसर्ग संयोजकांचा करार मानत नाही. २०१९ साली इझराँ खिंडीपलीकडे गारपीट झाली, दरड कोसळली आणि टप्पा मध्येच थांबवून खिंडीवरच्या वेळा धरल्या. इगान बर्नालच्या अंगावर पिवळी जर्सी आली ती अशी. २०२५ साली आल्प्समधला एक टप्पा छाटावा लागला, कारण वाटेतल्या सेझी खिंडीजवळच्या गुरांना लम्पीची लागण झाली होती. आपल्या पशुपालकांना २०२२ पासून ओळखीचा झालेला हा रोग जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीचा मार्ग बदलतो, यातच या खेळाचे उघड्यावरचे असणे आले.

बंद पडलेल्या शर्यती

टूर टिकली, पण तिच्या मागे बंद शर्यतींची मोठी रांग आहे. ब्रिटनमधली ‘मिल्क रेस’ १९५८ पासून दूध पणन मंडळाच्या पैशावर चालली. मंडळ मोडीत निघायची वेळ आली तशी १९९३ साली शर्यतही संपली. अमेरिकेतली टूर ऑफ कॅलिफोर्निया २००६ ते २०१९ चालली, मग खर्च परवडत नसल्याने मालक कंपनीने ती थांबवली. लीड्सहून सुटलेल्या टूरच्या यशावर स्वार होऊन २०१५ साली टूर द यॉर्कशायर निघाली. तिची अखेरची शर्यत २०१९ ची, आणि तिच्यामागची पर्यटन संस्थाही २०२२ साली दिवाळखोरीत गेली. टूर ऑफ ब्रिटनचे संयोजक ‘स्वीटस्पॉट’ २०२४ च्या आरंभी बुडाले. त्याआधी २०२३ साली त्यांची महिलांची शर्यत पैशाअभावी झालीच नव्हती.

या सगळ्यांत एक सारखेपणा दिसतो : पैसा एकाच खांबावर उभा होता. एक मंडळ, एक कंपनी, एक संस्था. टूरकडे प्रक्षेपणहक्क आहेत, प्रायोजक आहेत, मुक्कामाची गावे आहेत. एक हात सुटला तरी दुसरा धरून राहतो.

संघांचे मात्र तसे नाही. टूर आणि व्हुएल्टा दोन्ही ‘अमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन’च्या मालकीच्या आहेत, आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नात ही कंपनी संघांना वाटा देत नाही. टूर जिंकणाऱ्याला पाच लाख युरो मिळतात आणि रिवाजाप्रमाणे ते सहकाऱ्यांत वाटले जातात. आता पुन्हा प्रायोजकांचा झालेला संघ जगतो तो जर्सीवरच्या नावावर. एका हंगामामागून दुसऱ्या हंगामात सर्वाधिक शर्यती जिंकणारा एचटीसी-हायरोड संघ २०११ च्या अखेरीस प्रायोजक न मिळाल्याने विसर्जित झाला. फ्रान्सचा आर्केआ संघ २०२५ मध्ये संपला. श्रीमंत संघांपैकी काहींच्या पाठीशी आखाती देश आहेत. उत्पन्नाची वाटणी बदलू पाहणाऱ्या, सौदी पैशाच्या आधारावरील ‘वन सायकलिंग’ योजनेला यूसीआय या जागतिक महासंघाने २०२५ साली नकार दिला.

महिलांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर आहे. १९८४ साली पुरुषांच्या टूरसोबत महिलांचीही सुरू झाली, पण ती १९८९ नंतर टिकली नाही. पुढची अनेक वर्षे प्रायोजक मिळत नाही, हेच कारण ऐकू येत राहिले. २०२२ साली झ्विफ्ट कंपनीच्या पाठिंब्याने टूर द फ्रान्स फाम आठ टप्प्यांची झाली आणि टीव्हीवर प्रेक्षक आला. प्रेक्षक नाहीत म्हणून शर्यत नाही, असे जे सांगितले जात होते त्यातली कार्यकारणाची दिशाच उलटी होती.

आपल्या घाटातला प्रश्न

मुंबई-पुणे सायकल शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ या किताबामुळे बोरघाटाची चढण मराठी वाचकाला परकी नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर यूसीआयच्या वर्गवारीतली बहुटप्प्यांची शर्यत होती. प्रास्ताविक फेरी आणि चार टप्प्यांच्या या शर्यतीमागे बजाज प्रायोजक म्हणून उभी होती आणि जिल्हा प्रशासन पुढे होते.

पहिल्या वर्षी सरकारी पैसा, एक मोठे नाव आणि नव्याने डांबरलेले रस्ते यांवर शर्यत निघते. यात गैर काहीच नाही, अनेक शर्यती अशाच निघाल्या. अडचण येते ती नंतर, अधिकारी बदलतो, प्रायोजकाची प्राथमिकता बदलते तेव्हा. मुळशी, मावळ, पुरंदर इथल्या गावांना आणि ग्रामपंचायतींना, हॉटेलवाल्यांना, शेतकऱ्यांना शर्यत आपली वाटली, तिच्यातून काही मिळाले आणि म्हणून त्यांनी थोडे दिलेही, तरच दहाव्या वर्षी मार्ग ठरवायला कोणी बसलेले असेल. आल्प द्युएझच्या हॉटेलवाल्यांनी टूरला बोलावले ते खेळाच्या प्रेमापोटी नव्हे, रिकाम्या खोल्यांपोटी. आपल्या घाटांतही आधी असे स्वार्थ शोधावेत आणि मग मार्ग आखावा.