मोटारीचे चाक, स्प्रिंग आणि गावचा रस्ता

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी हे गाव आहे. सभोवती जंगल आणि टेकड्या, खालच्या बाजूस धानाची शेते, तर जवळच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, असा हा परिसर आहे. येथील रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक, धानाचे ट्रॅक्टर, एस. टी. गाड्या, सायकली आणि गुरेढोरे अशी सर्व प्रकारची रहदारी चालते. अलीकडील काळात त्यात खाजगी मोटारींची मोठी भर पडली आहे. कुटुंबात पहिली मोटार आली, की ती सजविण्याची हौस तरुणांना वाटणे स्वाभाविक होय. या हौसेचे दोन प्रकार विशेष दिसतात. पहिला, कारखान्यातून आलेली चाके काढून बाजारातील रुंद, चकाकणारी चाके बसविणे; आणि दुसरा, स्प्रिंगची उंची कमी करून मोटार जमिनीलगत आणणे.

हे दोन्ही बदल शास्त्रशुद्ध रीतीने कसे केले जातात, त्यांचा मोटारीवर काय परिणाम होतो आणि कायदा त्याविषयी काय सांगतो, याची माहिती ग्रामीण भागात फारशी पोहोचलेली नाही. खेड्यातील मोटार ही पुष्कळदा केवळ एका कुटुंबाची राहत नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला तुमसर किंवा भंडाऱ्यास न्यायचे झाल्यास शेजाऱ्याची मोटारच उपयोगी पडते. म्हणूनच तिच्या चाकाचा प्रश्न हा केवळ तिच्या मालकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे.

बंडीचा जुना धडा

चाक बदलणे ही गोष्ट या भागाला नवीन नाही. पूर्वी बैलबंडीला लाकडी चाके असत व त्यांवर लोखंडी धाव चढविलेली असे. पुढे हवेच्या टायरची चाके आली. त्यांनी बैलांचा भार हलका केला आणि रस्त्यांची झीजही कमी केली. परंतु हा बदल करताना केवळ चाक बदलून भागले नाही. त्याबरोबर पोलादी आस आणि बेअरिंगही बसवावे लागले. जुन्या लाकडी आसावर हवेचे चाक तसेच चढविणे कोणत्याही जाणत्या सुताराने मान्य केले नसते.

चाक, आस, वाहनाचे वजन आणि रस्ता या चार गोष्टींचा मेळ बसला तरच वाहन नीट चालते. मोटारीलाही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच, की मोटार ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगाने धावते. त्यामुळे मेळ बिघडल्यास त्याचे परिणाम अधिक गंभीर होतात.

टायरवरील अक्षरांचा अर्थ

प्रत्येक टायरच्या बाजूवर काही आकडे व अक्षरे उठविलेली असतात. उदाहरणार्थ, ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचनेचे द्योतक आहे. १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ८८ हा भारदर्शक अंक असून त्याचा अर्थ असा, की तो टायर जास्तीत जास्त ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो. ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा दाखविते.

आता याऐवजी ‘२०५/४५ आर १७’ हा रुंद टायर व १७ इंची रिम घेतली, असे समजू. चाकाचा एकूण व्यास पूर्वी सुमारे ६२१ मिलिमीटर होता, तो आता ६१६ मिलिमीटर होईल. फरक एक टक्क्याहून कमी असल्याने वेगदर्शक यंत्रावर त्याचा विशेष परिणाम होणार नाही. मात्र टायरच्या बाजूची उंची १२० वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा पहिला धक्का सोसणारी रबर व हवेची गादी जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होते आणि तो धक्का सरळ रिमवर जातो. पोलादी रिम अशा वेळी बहुधा वाकते. मिश्रधातूच्या रिमला मात्र तडा जाण्याचा संभव असतो. शिवाय याच मापाच्या काही टायरांचा भारदर्शक अंक ८४, म्हणजे ५०० किलोग्रॅम एवढाच असतो. मूळ टायरपेक्षा कमी भार पेलणारा टायर घेणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

व्यासाचा हिशेब न करता ‘२०५/५५ आर १७’ हा टायर घेतल्यास व्यास सुमारे ६५७ मिलिमीटर होतो. मग वेगदर्शक काटा ६० दाखवीत असता मोटार प्रत्यक्षात ६३ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते आणि वळताना टायर मडगार्डला घासू लागतो.

चाक बसविताना

रिमचा व्यास जुळला म्हणजे चाक जुळले, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः आणखी चार मापे पाहावी लागतात.

पहिले माप नटांच्या छिद्रांचे. छिद्रे किती आहेत आणि ती किती व्यासाच्या वर्तुळावर आहेत, हे दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजे. चार छिद्रे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असलेले चाक ९८ मिलिमीटरच्या हबवर ओढूनताणून बसते. परंतु त्याचे नट तिरपे बसतात व धावत्या मोटारीत सैल होऊ लागतात. दुसरे माप मधल्या भोकाचे. हे भोक हबपेक्षा मोठे असल्यास योग्य मापाचे कडे घालून चाक मध्यावर आणावे लागते, अन्यथा स्टिअरिंगला थरथर जाणवते. तिसरे माप चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर होय. याला ‘ऑफसेट’ म्हणतात. हे अंतर २० मिलिमीटरने कमी झाले, तर चाक तेवढेच बाहेर येते. दिसावयास ते रुबाबदार वाटते; पण बेअरिंगवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंगचे वळण बिघडते. चौथी बाब नटांच्या बैठकीची. काही नटांची बैठक शंकूच्या आकाराची, तर काहींची गोलाकार असते. एका प्रकारच्या चाकाला दुसऱ्या प्रकारचे नट लावू नयेत.

चाक चढविण्यापूर्वी हबवरील गंज व माती घासून काढावी. नट प्रथम हाताने फिरवून बसवावेत, नंतर एकाआड एक, समोरासमोर या क्रमाने आवळावेत. अखेरचे आवळणे मोटार जमिनीवर टेकल्यानंतर मापाच्या पान्याने, म्हणजे टॉर्क पान्याने, निर्मात्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे करावे. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची पद्धत अपायकारक आहे. तीमुळे बोल्ट ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटर प्रवासानंतर नट पुन्हा एकदा तपासले पाहिजेत.

मिश्रधातूची रिम घेताना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह पाहावे. अशा रिमची वळणाचा ताण, उभा भार आणि आघात यांसंबंधी कसोटी घेतली जाते. वाहने व त्यांचे भाग यांची चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही देशातील प्रमुख संस्था पुणे येथे असून तिची स्थापना १९६६ साली झाली. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरणे, किंवा चिन्ह नसलेली स्वस्त रिम घेणे, हे प्रवाशांच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे.

मोटार खाली आणणे

मोटारीचा भार स्प्रिंगवर असतो, तर स्प्रिंगची उसळी आवरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेतील शॉकअप, करतो. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या सस्पेन्शनमध्ये शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर स्प्रिंगची बैठक असते व तिच्याखाली ती जागेवर धरून ठेवणारे कडे असते. मोटार जॅकवर उचलून व स्टँडवर टेकवून, आकड्यासारख्या पान्याने हे कडे सैल करतात, बैठक खाली फिरवितात आणि कडे पुन्हा घट्ट करतात. डाव्या व उजव्या बाजूंची मापे समान ठेवणे अत्यावश्यक असते. काम झाल्यावर मोटार थोडी चालवून, सपाट जागी उभी करून उंची पुन्हा मोजतात.

येथे काम संपत नाही. मोटार खाली आली, की चाकांचा कल बदलतो. बहुतेक मोटारींची पुढील चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि त्यांची दिशाही किंचित बदलते. व्हील अलाइनमेंट करून न घेतल्यास टायरची आतील कड झपाट्याने झिजते. ही झीज बाहेरून दिसत नाही. पुढील दिव्यांची दिशाही पुन्हा लावून घ्यावी लागते. मागील भाग पुढील भागापेक्षा अधिक खाली गेला असेल, तर दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. जंगलातील अरुंद रस्त्यावर रात्री त्याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

असे तयार सस्पेन्शन महाग असल्यामुळे कित्येक ठिकाणी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून, किंवा ती तापवून दाबून, मोटार खाली आणली जाते. ही रीत सर्वथा त्याज्य होय. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारे २० टक्के अधिक कडक होते. पण मूळ शॉकअप त्या कडकपणासाठी बनविलेला नसतो. आखूड स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळताच आपल्या बैठकीवरून सुटू शकते. तापविलेल्या पोलादाची लवचीकता तर कायमचीच नष्ट होते.

रस्त्याचा हिशेब

मोटार किती खाली आणावी, या प्रश्नाचे उत्तर अखेर रस्ताच देतो. एखाद्या मोटारीचा खालचा भाग रिकाम्या स्थितीत जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच आहे, असे धरू. पाच माणसे व सामान बसल्यावर ती सुमारे ४५ मिलिमीटर दबते व १२५ मिलिमीटर उरतात. आता ती ४० मिलिमीटरने खाली आणली, तर भरलेल्या स्थितीत ८५ मिलिमीटरच शिल्लक राहतात.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. त्यावरून वाहन ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप जावे, अशी अपेक्षा असते. पुढील व मागील चाकांत २.४ मीटर अंतर असलेली मोटार अशा गतिरोधकावर आली, म्हणजे तिची दोन्ही चाके त्याच्या पसरट पाठीवर असतात आणि मधला उंचवटा केवळ ४२ मिलिमीटरच वर येतो. खाली आणलेली मोटारही त्यावरून जाऊ शकते. परंतु तोच गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि हात-दीड हात रुंद असा उभट बांधला, तर पूर्ण १०० मिलिमीटर उंचवटा मोटारीच्या पोटाखाली येतो. मूळ मोटार तेथे २५ मिलिमीटरने सुटते. खाली आणलेली मोटार १५ मिलिमीटरने आपटते. परिणामी इंजिनचे चेंबर फुटते, तेल सांडते आणि रुग्णाला घेऊन निघालेली मोटार वाटेतच बंद पडते.

या हिशेबातून पंचायतींनीही बोध घ्यावा. रस्ता ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे, तिची परवानगी न घेता व माप न पाळता बांधलेला गतिरोधक सर्वच वाहनांना, विशेषतः रात्री दुचाकीस्वारांना, घातक ठरतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला व निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांविरुद्ध वाहनात फेरबदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या सुधारणेने अधिनियमातील कलम १८२-अ बदलण्यात आले. त्याद्वारे अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविण्यात आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये टायरच्या स्थितीसंबंधी तरतूद असून मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये.

विम्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. वाहनात केलेला बदल विमा कंपनीस कळविला नसल्यास, अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचा संभव असतो.

हौसेला मार्ग

याचा अर्थ तरुणांनी हौस करूच नये असा नाही. पुष्कळ मोटारींच्या वरच्या श्रेणीत निर्माता स्वतःच मिश्रधातूची चाके देतो. त्याच मापाची, त्याच भाराची व प्रमाणित चाके घेणे हा सुरक्षित मार्ग होय. टायरचे माप व हवेचा दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. तो प्रथम वाचावा. त्यापलीकडे काही बदल मनात असेल, तर खर्च करण्यापूर्वी भंडारा येथील परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

शिक्षकांना टायरवरील आकडे वर्गात फळ्यावर मांडता येतील. टक्केवारी, वर्तुळाचा व्यास आणि वेग यांचे याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. ग्रामसभेत गतिरोधकांची मापे घेऊन सदोष गतिरोधकांची यादी संबंधित यंत्रणेकडे पाठविता येईल. आणि गावातील मेकॅनिकला, ‘स्प्रिंग कापून द्या’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास नकार देताना, हा साधा हिशेब पुढे करता येईल.