एका जादूगारासाठी चाळीस कार्डं

‘यू-गी-ओह!’ या खेळातल्या डार्क मॅजिशियनच्या कार्डावर कुठलीही करामत लिहिलेली नाही. हल्ला 2500, बचाव 2100 आणि खाली थोडंसं वर्णन, बस. तो सातव्या लेव्हलचा, म्हणजे नेहमीच्या नियमाने पटावर आणायचा तर आपलेच दोन मॉन्स्टर बळी द्यायचे. आजच्या वेगवान डावात ही किंमत परवडत नाही. तरीही खेळाडू अख्खा डेक या एकट्याभोवती रचतात, आणि तो चालतो! का चालतो ते उलगडत गेलं की थक्क व्हायला होतं.

हे पात्र काझुकी ताकाहाशी यांच्या मांगातलं, म्हणजे जपानी चित्रकथेतलं. ती 1996 साली जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली आणि 1999 मध्ये कोनामी कंपनीने तिच्यातला खेळ खऱ्या कार्डांवर आणला. गोष्टीत हा डेक खेळणाऱ्या युगीला ऐन वेळी हवं तेच कार्ड मिळतं. आपल्याला मात्र पिसलेल्या डेकमधून जे येईल ते घ्यावं लागतं.

डेकमध्ये कमीत कमी 40 कार्डं लागतात, जास्तीत जास्त 60 चालतात आणि एका नावाची तीनच ठेवता येतात. सुरुवातीला हातात पाच येतात. 40 मध्ये तीन डार्क मॅजिशियन असले, तर पहिल्या पाचांत निदान एक असण्याची शक्यता जेमतेम 34 टक्के. डेक 60चा केला की ती 23वर घसरते. पण तो स्वतः आणि त्याच्यापर्यंत पोहोचवणारी कार्डं मिळून 12 झाली, तर त्यांतलं एखादं तरी हाती लागण्याची शक्यता 85 टक्क्यांवर जाते. म्हणजे नायकाच्या डेकमध्ये नायकापेक्षा त्याला शोधणारेच जास्त.

आणि हे शोधणारे काय एकेक आहेत! ‘मॅजिशियन्स सोल्स’ हातातूनच काम करतं. ते डेकमधल्या डार्क मॅजिशियनला थेट ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात पाठवतं, मग स्वतःही तिथे जातं आणि त्याला उठवून पटावर आणतं. दोन बळींची अट अशी टळते. ‘डार्क मॅजिकल सर्कल’ पटावर असेल, तर तो अवतरताच प्रतिस्पर्ध्याचं एक कार्ड खेळातूनच हद्दपार करता येतं. ‘इटर्नल सोल’ दर टर्नला हातातून किंवा ग्रेव्हयार्डातून एक डार्क मॅजिशियन आणू शकतं, आणि ते असेपर्यंत विरोधी कार्डांच्या करामती त्याच्यावर चालत नाहीत. मात्र तेच उडालं, की आपले सगळे मॉन्स्टर नष्ट. इतका मोठा धोका पत्करून लोक ते खेळतात, यातच त्यांचा जीव कुठे अडकलाय ते कळतं.

मला सर्वांत जास्त भुरळ घालते ती डार्क मॅजिशियन गर्ल, त्याची शिष्या. हल्ला 2000. पण ग्रेव्हयार्डात पडलेल्या प्रत्येक डार्क मॅजिशियनमागे तिला 300 जादा मिळतात. दोन पडले की ती 2600, गुरूपेक्षा 100 ने वरचढ. मांगात प्राचीन इजिप्तच्या फेरोचा सेवक महाद स्वतःचा आत्मा देऊन हा जादूगार होतो, आणि माना त्याची शिष्या असते. ते नातं इथे चक्क बेरजेच्या नियमात उतरलंय.

आवडत्या पात्राचा डेक रचायला बसलात, तर त्याची देखणी चित्रं नंतर जमवा. आधी त्याचं नाव ज्या कार्डांच्या मजकुरात येतं ती सगळी समोर मांडा, त्यांतली त्याला शोधणारी, उठवणारी आणि जपणारी वेगळी काढा, आणि 40 वर थांबा.